बटण कोणी दाबलं?

माझ्या डोक्यात दोन तारा आहेत आणि उजव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढी बॅटरी आहे. ती चालू असली की माझे हात शांत असतात. बंद पडली की दोन मिनिटांत हातातली कपबशी वाजायला लागते. ती चालू-बंद करायला एक छोटा रिमोट मिळतो. हे सगळं लिखाण त्या रिमोटबद्दल आहे, आणि तो कोणाच्या हाती असावा याबद्दल. ज्यांच्या घरात असं यंत्र बसवलेलं माणूस असेल त्यांनी वाचावं. बाकीच्यांनी वाचून निदान एवढं करावं, आजारी बाईला "तूच करतेस" म्हणायच्या आधी जरा थांबावं.

मी माजलगावात बायकांचे कपडे शिवते. आमचं किराणा दुकान आहे, त्याला लागूनच्या खोलीत माझी दोन मशीनं. माझे यजमान मन्मथअप्पा. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणतं, मीही इथं तेच लिहीन. एक मुलगी, वैशाली, बीडला दिलेली. शेजारच्या घरात धाकटे दीर आणि जाऊ सुलभा. एवढीच माणसं या गोष्टीत आहेत, आणि एवढी पुरेशी झाली.

हात

आधी सुई ओवता येईना. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मग काजं वाकडी यायला लागली, मग खडूची रेघ. एकदा एका नवरीच्या ब्लाऊजचा मुंढा कापताना कात्री सरकली आणि कापड वाया गेलं. तसलं कापड माजलगावात कुठं मिळेना, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

गावात एकेकानं एकेक सांगितलं. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे, ताकदीची इंजेक्शनं घ्या. सुलभा म्हणाली, "जाऊबाई, कुणाची तरी नजर हाय. एवढे कपडे शिवता, लोकाच्या डोळ्यात येतं." अप्पा म्हणाले, आता वय झालं, काम कमी कर. माझं वय तेव्हा एकोणपन्नास होतं आणि अप्पांचं छप्पन्न. त्यांना कोणी काम कमी करायला सांगत नव्हतं.

तीन वर्षं अशी गेली. शेवटी वैशालीनं हट्टानं पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मला कागदावर जिलेबी काढायला लावली. मग एका ग्लासातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं. निम्मं पाणी त्यांच्या टेबलावर सांडलं, ते त्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसलं आणि म्हणाले, "हा कंपवात नाही. लोक त्याला कंपवातच समजतात, पण हा वेगळा आजार आहे. तुमची यात काहीही चूक नाही." मला रडू आलं. आजार कळल्यामुळे नाही. इतक्या दिवसांत माझी चूक नाही असं म्हणणारा तो पहिलाच माणूस होता.

औषधं झाली. त्यांनी झोप यायची, हात थांबायचा नाही. मग ऑपरेशन ठरलं.

करंडा

आम्ही लिंगायत. माझ्या गळ्यात चांदीचा करंडा असतो, त्यात इष्टलिंग. लग्नाच्या आधीपासून तो माझ्या अंगावेगळा झालेला नव्हता. अंघोळीला, बाळंतपणात, कधीच नाही. ऑपरेशनच्या दिवशी नर्स म्हणाली, धातूचं सगळं काढा. मंगळसूत्र मी काढून दिलं, हात मागेपुढे झाला नाही. करंडा काढायला मात्र मन होईना.

डोक्याचे केस त्यांनी सकाळीच भादरले होते. आरशात बघितलं तर मी मलाच ओळखू येईना. त्यात गळाही रिकामा झाला. एक वयस्क मावशी होत्या, केरळकडच्या, मराठी तोडकं-मोडकं. त्यांनी वैशालीच्या हातात करंडा दिला आणि मला म्हणाल्या, "मुलगी बाहेर धरून बसणार. खाली ठेवणार नाही." आणि खरंच सात तास ती पोरगी करंडा मुठीत धरून बसली. त्या दवाखान्यात सगळ्यात जास्त बरं वाटलं ते त्या वाक्यानं.

ऑपरेशन जागेपणी करतात. डोक्याला लोखंडी चौकट, कवटीला भोक पाडताना जो आवाज येतो तो मी कुणाला सांगत नाही. मधेच डॉक्टर म्हणाले, "हात वर करा. आता कप धरा." मी धरला. कप हलला नाही. मी बघत राहिले. तिथं जमलेली सगळी माणसं बघत होती, आणि मला त्या क्षणी फक्त हुक लावायचे होते. एखाद्या ब्लाऊजला, ओळीनं.

त्या दिवशी मी मनाशी म्हणलं, आता करंडा परत कधी काढायचा नाही. पुढचं सगळं त्या शब्दापायी घडलं, म्हणून हे सांगितलं.

पिशवी

महिन्यानं बॅटरी चालू केली आणि कंपनीच्या माणसानं रिमोट हातात दिला. त्याला सगळे इंजिनिअर साहेब म्हणत. रिमोट आगपेटीपेक्षा थोडा मोठा, त्यावर चार बटणं. चालू, बंद, जास्त, कमी. बाजूला सरकवायचं एक लॉक. छातीजवळ धरून दाबलं तरच चालतो. माहितीचं पुस्तक जाडजूड, सगळं इंग्रजीत.

मी त्यांना विचारलं, "बॅटरी बंद असताना हात हलणार. मग मला हे लॉक कसं सरकवता येईल?"

ते म्हणाले, "चांगला प्रश्न आहे, ताई. तुम्ही लॉक काढूनच ठेवा."

दहा सेकंदांत उत्तर देऊन ते पुढच्या पेशंटकडे गेले.

आता रिमोट सतत जवळ पाहिजे. पर्समध्ये ठेवला तर पर्स मशीनपाशी राहते आणि मी स्वयंपाकघरात. माझ्यासारखी शिवणारी बाई काय करील? मी पिशवी शिवली. करंड्याच्याच दोऱ्यात ओवायची, दोन कप्प्यांची. पुढच्या कप्प्यात करंडा, मागच्यात रिमोट. आत मऊ अस्तर, वर खणाचं कापड. माप इतकं नेमकं घेतलं की आत काही हललं तर शपथ. माझ्या हातच्या शिलाईला आयुष्यभर लोक म्हणत आले, अंगावर ओतल्यासारखी बसते. ही पिशवीही तशीच बसली. मला तिचा अभिमान वाटला होता. आता लाज वाटते असं म्हणणार नाही, पण अभिमानाचं काय होतं ते कळलं.

पहिल्यांदा

ऑपरेशननंतर मी पहिला ब्लाऊज शिवायला घेतला तो शाळेतल्या एका बाईंचा. वाकून टक्स घालत होते. अचानक कापड सुईखाली नाचायला लागलं. आधी वाटलं मशीनचा पट्टा सुटला. मग बघते तर माझा हात.

मी ओरडले. अप्पा गिऱ्हाईक सोडून पळत आले. पुण्याला फोन लावला, त्यांनी सांगितलं रिमोट छातीला लावून चालूचं बटण दाबा. दाबलं. हात थांबला. सगळे म्हणाले, होतं कधी कधी.

चार दिवसांनी परत झालं. मग दोन दिवसांनी. दर वेळी मशीनवरच. भाकरी थापताना नाही, दुकानात बसल्यावर नाही, शिवायला बसलं की. मी खचले. वाटलं माझ्या कामावरच कुणी तरी उठलंय. सुलभाला वेगळं वाटलं. ती भिंतीपलीकडून, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "काम आलं की बरं बंद पडतं."

पुण्याला गेलो. इंजिनिअर साहेबांनी माझ्या छातीवर त्यांचं यंत्र धरलं, पडद्यावर काही वाचलं आणि माझ्याकडे न बघता अप्पांना म्हणाले, "मशीन एकदम ठीक आहे. अकरा वेळा बंद झालंय, आणि अकराही वेळा पेशंटच्या रिमोटवरूनच. बटण दाबल्याशिवाय ते बंद होत नाही."

मी म्हणले, "मी दाबलं न्हाई."

"ताई, इथं नोंद आहे."

"असंल नोंद. मी दाबलं न्हाई."

ते हसले. रागावले असते तर बरं होतं. "अशा ऑपरेशननंतर थोडा मानसिक ताण येतो," ते म्हणाले. आमचे डॉक्टर त्या दिवशी परगावी होते. तेवढ्यावर आम्ही परतलो.

गाडीत अप्पा एकच वाक्य बोलले. "कावून करती असं? काम न्हाई करायचं तर नको करू, कोण म्हणलं व्हतं शिव म्हणून?"

तीस वर्षांच्या संसारात मी खोटं बोलले असेन, साखरेबद्दल, माहेरच्या साडीबद्दल. पण स्वतःच्या हाताबद्दल मी खोटं बोलेन असं या माणसाला वाटलं, याचा चटका अजून गेलेला नाही.

गल्ल्यात

घरी आल्यावर अप्पांनी रिमोट मागितला आणि दुकानाच्या गल्ल्यात ठेवून कुलूप लावलं.

पुढचे एकोणीस दिवस माझा हात एकदाही हलला नाही.

वाचणाऱ्याला वाटेल, बरं झालं. माझ्यासाठी ते एकोणीस दिवस सगळ्यात वाईट होते. रोज हात शांत, आणि रोज माझ्या खोटेपणाचा पुरावा वाढत चाललेला. अप्पा रागावलेही नाहीत. उलट सगळ्यांशी शांतपणे बोलायचे, "आता बरी हाय. रिमोट आमीच ठिवलाय." सुलभा येऊन माझ्या डोक्यावरच्या खुंटांवरून हात फिरवून गेली. म्हणाली, "डोक्यात तारा घातल्या, फिरायचंच की हो डोकं. तुमी मनाला लावून घेऊ नका." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि वर संन्याशाची समजूत घालतात.

त्यात सेटिंग थोडं जास्त असलं की माझी जीभ जड व्हायची. शब्द ओढत निघायचा. रिमोटवर एकदा "कमी" दाबलं की मोकळी होते, तेवढा अधिकार डॉक्टरांनी मला दिलेला होता. आता त्यासाठी मला दुकानात जावं लागायचं. अप्पा तराजूवर. मी गिऱ्हाइकांच्या मागे उभी. "थांब, हे आटपू दे." मग गल्ला उघडायचे, मी पदर थोडा सरकवायची आणि ते माझ्या छातीला रिमोट लावून बटण दाबायचे. तेलाची बरणी घेऊन आलेली माणसं बघायची. एकानं विचारलंसुद्धा, "अप्पा, टीव्ही लावताव का?" अप्पा हसले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. जिभेनं शब्दच नीट निघत नव्हता, त्यामुळे त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मग त्यांनी ठरवलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगायचं की पेशंटच्या हाती काहीच ठेवू नका, रिमोटच बंद करा, जे करायचं ते तुम्हीच करा. म्हणजे जीभ जड झाली तर तीन महिने जडच राहू द्यायची. बॅटरी बंद पडली तर पुण्याला पोचेपर्यंत थरथरत बसायचं. माझ्या अंगातलं यंत्र, आणि त्याचा मालक मी सोडून कोणीही.

मी नाही म्हणले. माझ्या नाही म्हणण्याला आता किंमत नव्हती.

कडा

तपासणीच्या दिवशी पहाटे भाड्याची गाडी आली. अप्पांच्या दोन्ही हातांत सामान होतं म्हणून त्यांनी रिमोट माझ्याकडे दिला. "पिशवीत घाल. हात लावू नको." मी पिशवीच्या मागच्या कप्प्यात घातला, नेहमीसारखा. बीडहून वैशालीला घेतलं. मला गाडी लागते म्हणून मी पुढे, ती दोघं मागे.

आष्टी मागे पडली तेव्हा मी उकडलेल्या शेंगा सोलत होते. एकेक दाणा मागे वैशालीच्या हातावर ठेवत होते, ती मधल्या फटीतून हात पुढे करून बसलेली, लहानपणी बसायची तशी. पुढे नाका होता म्हणून ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, पट्टा लावा." मी लावला आणि परत शेंगा घेतल्या. कडा गावाच्या अलीकडे उसाची ट्रॉली आडवी आली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. पट्टा छातीवर आवळला.

दोन मिनिटांत शेंगा मांडीवरून खाली सांडायला लागल्या.

मागून अप्पा म्हणाले, "झालं सुरू! आता गाडीत बी?"

वैशाली ओरडली, "पप्पा, थांबा! मी बघत व्हते. मम्मीचे दोन्ही हात माझ्यापुढं व्हते. तिनं कशालाच हात लावला न्हाई!"

कड्यात एका चहाच्या हॉटेलापाशी गाडी थांबवली. वैशालीनं माझ्या गळ्यातली पिशवी धरली आणि पुढचा कप्पा उलटा केला. अस्तरावर एक काळपट डाग होता, हरभऱ्याएवढा. चांदी घासून पडतो तसा. करंड्याच्या झाकणाला जी बारीक कळी असते, ती बरोबर तिथं येत होती. आणि त्याच्या मागे, अगदी नेमक्या मापात, बंदचं बटण.

मशीनवर वाकलं की मशीनचा काठ पिशवीला लागतो. भाकरी थापताना लागत नाही, दुकानात बसल्यावर लागत नाही. गाडीत पट्ट्यानं तेच केलं. बारा वेळा माझ्या देवानं बटण दाबलं होतं, आणि त्याला तिथं मीच बसवला होता.

वैशालीनं बॅटरी चालू केली. हात थांबले. मी म्हणले, "आता दाब. वरून, तळव्यानं." तिनं पिशवीवर तळवा दाबला. बघता बघता चहाचा ग्लास माझ्या हातात खुळखुळायला लागला, चहा सगळा बोटांवर. ती म्हणाली, "बास, मम्मी." मी म्हणले, "परत." तीनदा करायला लावलं. अप्पा समोरच्या बाकावर बसून बघत होते. त्यांच्याकडे बघतच मी तीनदा थरथरले.

ते बाकावरून उठले. मग म्हणाले, "पण पिशवी तूच शिवली ना?"

पुण्यात

डॉक्टरांनी माझ्या गळ्यातलीच पिशवी हातात धरून उलटीपालटी केली. "शिलाई फार सुंदर आहे," म्हणाले, आणि मग इंजिनिअर साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, लॉक लावायला हवं होतं.

मी म्हणले, "तुमीच म्हणलात काढून ठिवा."

"मी असं सांगणं शक्यच नाही. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

पुस्तकात स्पष्ट इंग्रजीत लिहिलंय. ते असो. डॉक्टरांनी विचारलं, बटण जास्त वेळ दाबून धरल्याशिवाय काम करू नये अशी काही सोय नाही का? साहेब जरा घुटमळले. मग म्हणाले, आहे. त्यांनी रिमोट संगणकाला जोडला, दोन-चार वेळा टकटक केलं. झालं. आता चार सेकंद सलग दाबल्याशिवाय काहीच होत नाही. ही सोय पहिल्या दिवसापासून त्या रिमोटमध्ये होती. कोणी चालू केली नव्हती, कारण कोणी विचारलं नव्हतं. आणि जे मला माहीतच नाही ते मी विचारणार कसं?

म्हणून तुम्हाला सांगते. रिमोट मिळाला की विचारा, चुकून दाबला गेला तर काय होईल आणि तसं होऊ नये म्हणून यात काय आहे. उत्तर मराठीत मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका. लॉक काढा म्हणाले तर का ते विचारा. रिमोट टणक डबीत ठेवा, किल्ल्या, करंडा, मोबाईल यांच्यापासून वेगळा. आणि नोंद दाखवून कोणी तुम्हाला खोटं ठरवलं, तर म्हणा, बटण दाबलं गेलं हे नोंदीत आहे, कोणी दाबलं हे नाही.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "मग रिमोट कोणाकडे राहणार?"

"माझ्याकडंच बरा, सायब," अप्पा म्हणाले. "तिच्याकडून चूक व्हती."

एवढं सगळं डोळ्यांनी बघून आलेला माणूस हे म्हणाला. मी त्यांच्याकडे वळले. "अहो, तुमाला शुगर हाय. तुमच्या गोळ्या मी गल्ल्यात ठिवून कुलूप लावते का? लोकापुढं मागायला लावते का?"

रिमोट डॉक्टरांच्या टेबलावर होता. मी उचलला आणि उभी राहिले.

घरी पोचलो तर सुलभा दारातच. "काय म्हणाले डॉक्टर? काय निघालं?"

अप्पा चप्पल काढत म्हणाले, "काय न्हाई. पिशवीचा दोष व्हता."

मी उंबऱ्यातच थांबले. "पिशवी मला खोटी म्हणाली न्हवती," मी म्हणले. "ते तुमी म्हणलात."

सुलभा माझ्याकडे बघायला लागली, मग अप्पांकडे. ते काही तरी बोलतील म्हणून मी थांबले. ते दुकानाची किल्ली घेऊन निघून गेले.